आईंच्या खोलीतला बत्तीस इंची टीव्ही

दिवाळीत आमच्याकडे हॉलमध्ये नवीन टीव्ही आला, पंचावन्न इंची. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचाच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यासाठी ह्यांनी दोन महिने खरेदी थांबवून ठेवली होती, ती एकदाची झाली. आता जुन्या बत्तीस इंचीचं काय करायचं हा प्रश्न. टीव्ही २०१२ चा, पण पॅनल अगदी धड, एक ठिपका नाही की रेघ नाही, आणि आवाज तर नव्यापेक्षा मोकळा. आमच्या इंदूरात कचऱ्याच्या गाडीला ई-वेस्टचा वेगळा कप्पा असतो, मुलगा म्हणाला देऊन टाकू त्यात, पण चालता टीव्ही टाकून द्यायचं माझ्या अगदी जिवावर आलं. तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "अगं माझ्या खोलीत लावा ना तो. पडल्यापडल्या बघेन काहीतरी."

आईंचं सांगते थोडं. जूनमध्ये दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. त्याआधी सानंदचं, म्हणजे इथे मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेचं, एकही नाटक त्यांनी सोडलेलं नाही, खंडवा रोडच्या ऑडिटोरियमला चार मैत्रिणी मिळून रिक्षा ठरवून जायच्या आणि परत आल्यावर रात्री अकरा वाजता आम्हाला कोण कसं बोललं ते सगळं करून दाखवायच्या. आता पायऱ्या आणि तासन्तास खुर्चीत बसणं जमत नाही. हॉलमधला सोफा खोल, त्यावरून उठता येत नाही, म्हणून त्या आपल्या पलंगावर. तिथे माझा फोन हातात धरून यूट्यूबवर जुनी नाटकं बघायच्या, फोन लांब धरायचा, हात दुखला की उशीला टेकवायचा, तो घसरायचा. हे मी रोज बघत होते, त्यामुळे त्यांनी टीव्ही मागितल्यावर मला फार बरं वाटलं. आणि आमच्या सेट टॉप बॉक्सच्या पॅकमध्ये मराठी चॅनल नावापुरती दोन, बाकी सगळी हिंदी, मध्य प्रदेशात राहायचं म्हणजे हे आलंच. म्हणजे आईंना हवं ते सगळं नेटवरच होतं, आणि टीव्ही मात्र नेट माहीत नसलेल्या काळातला.

मला वाटलं होतं एक डबी आणायची आणि लावायची, अर्ध्या तासाचं काम. त्यात महिना गेला, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय, कारण प्रत्येक घरात आता असा एक जुना टीव्ही निघणार आहे.

पहिले दोन दिवस मुलाने त्याचा लॅपटॉप एचडीएमआयच्या केबलने (चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून नेणारी) जोडून दिला. चित्र छान आलं. पण नाटक थांबवायचं तर आईंना पलंगावरून उठून लॅपटॉपपर्यंत जावं लागणार आणि मुलगा क्लासला गेला की लॅपटॉपही त्याच्याबरोबर जाणार. तरी त्या दोन दिवसांत एक गोष्ट पक्की कळली की टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट चालू आहे. हे आधी बघून घ्यावं. फार जुना, मागे फक्त लाल-पांढरा-पिवळा पिनवाला टीव्ही असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि मग त्या चित्रात काही राम राहत नाही.

मग मी जी चूक केली ती पैशाने छोटी होती पण तिने आठ दिवस खाल्ले. जेल रोडला मोबाइलचं कव्हर घ्यायला गेले होते, तिथे एका दुकानात काळ्या चौकोनी डब्यांची रास होती. दुकानदार म्हणाला, "दीदी ये ले जाओ, सब फ्री चलेगा, कोई रिचार्ज नहीं." डब्यावर ८के लिहिलेलं, म्हणजे चित्र अतिशय बारीक आणि स्पष्ट, अठराशे रुपये. घेतला. घरी लावला तर आत मोबाइलचाच अँड्रॉइड, आयकॉन एवढे एवढे, आणि रिमोटने बाण सरकवत सरकवत त्याच्यावर न्यायचा, आईंना तो बाण दिसेचना. नेटफ्लिक्स सुरू झालं पण चित्र धुरकट, जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखं. का ते मुलीने शोधून काढलं. हे जे पैसे भरून बघायचे ॲप आहेत ते आधी तपासतात की समोरचं यंत्र भरवशाचं आहे का, त्या कुलपाला वाइडवाइन म्हणतात, त्यात एल-वन असेल तर एचडी, म्हणजे स्पष्ट चित्र मिळतं आणि एल-थ्री असेल तर साधं एसडी, आणि नेटफ्लिक्सची त्यावर आणखी स्वतःची मान्यता लागते. म्हणजे डब्यावर ८के छापा नाहीतर सोळा के, कुलूप खालच्या दर्जाचं असेल तर चित्र धुरकटच येणार. डब्यावर छापलेलं अँड्रॉइडचं व्हर्जन वेगळं आणि सेटिंगमध्ये उघडून बघितलेलं वेगळं, तेही तेव्हाच लक्षात आलं.

पण मला खरी भीती वाटली ती पुढचं वाचून. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने असल्या नावगाव नसलेल्या स्ट्रीमिंग बॉक्सबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे, प्रकाराचं नाव बॅडबॉक्स २.०. काही डब्यांत कारखान्यातून निघतानाच घुसखोर सॉफ्टवेअर बसवलेलं असतं, काहींत सेटअप करताना जे ॲप टाकायला सांगतात त्यातून ते शिरतं, आणि मग आपल्या घरच्या नेटवरून आपल्याला पत्ता न लागता भलतेच लोक भलते उद्योग करतात. खूण काय, तर "सगळं फ्री, अनलॉक" अशी जाहिरात आणि गूगलचं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप तपासणारी सोय, बंद करायला सांगणं. आमच्या डब्याने सेटअपमध्ये अगदी तेच सांगितलं होतं. आमचा डबा त्यातलाच होता असं मी म्हणत नाही, तेवढी तपासणी मी केलेली नाही. पण त्याच वायफायवर ह्यांचं बँकेचं काम चालतं, माझं चालतं, मुलांचे फोन आहेत. त्याच संध्याकाळी तो काढला, वायफायचा पासवर्ड बदलला, आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेले. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, बदली माल घ्या म्हणाला, मग चार्जर आणि दोन केबल घेऊन आले. त्यातली एक केबल पुढे उपयोगी पडली म्हणा.

त्यानंतर मी ठरवलं की आधी कागद-पेन घेऊन आईंजवळ बसायचं. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं. विचारलं, आई तुम्ही दिवसभरात काय काय बघाल ते सांगा. त्या म्हणाल्या सकाळी कीर्तन किंवा अभंग, ते यूट्यूबवर. दुपारी नाटक, तेही यूट्यूबवर. संध्याकाळी दोन मालिका, एक स्टार प्रवाहवरची आणि एक झी मराठीवरची. आणि कधी कधी आपल्या लग्नाचे आणि नातवंडांच्या मुंजीचे फोटो, जे पेनड्राइव्हमध्ये आहेत. झालं, एवढंच. इतके दिवस मी ४के, रॅम, स्टोरेज असलं वाचत बसले होते, आणि इथे यादी तीन ॲपची निघाली, स्टार प्रवाहसाठी जिओहॉटस्टार, झी मराठीसाठी झी फाइव्ह आणि यूट्यूब. फोटोंचं तर पेनड्राइव्ह सरळ टीव्हीलाच लावून होतं, जुन्या टीव्हीला तेवढं येतं.

४के चा प्रश्न तर टीव्हीच्या मॅन्युअलनेच मिटवला. आमचा टीव्ही एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपके. त्याला ४के ची काडी, म्हणजे एचडीएमआयच्या पोर्टमध्ये खोचायची छोटी स्टिक, लावली तरी तो तेवढेच ठिपके दाखवणार. (४के च्या काड्यांत प्रोसेसर जरा तगडा असतो, मेनू भराभर सरकतो, तो फायदा आहे, पण चित्राचा नाही.) माझ्या दिरांनी पुण्याहून फोनवर ॲपल टीव्ही सुचवला, त्यांच्याकडे आहे आणि ते फार खूश आहेत. वस्तू उत्तमच आहे, पण तेव्हा भारतात तिची किंमत १४,९०० पासून सुरू होत होती आणि त्यापेक्षा कमी पैशात नवा बत्तीस इंची स्मार्ट टीव्ही येतो. तो का घेतला नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं. एकतर हा चांगला चालतोय. दुसरं म्हणजे स्वस्त स्मार्ट टीव्हीतलं स्मार्टपण लवकर म्हातारं होतं, चार-पाच वर्षांनी ॲप अपडेट व्हायचे थांबतात आणि मग त्याला पुन्हा बाहेरून काडी लावावीच लागते. काडी वेगळी असली तर ती बदलता येते, काच तशीच राहते.

भाच्याने त्याच्याकडचा पहिला-पहिला क्रोमकास्ट आणून दिला, फुकट. २०१३ साली गूगलने तो काढला तेव्हा मोठं अप्रूप होतं त्याचं. त्याला स्वतःचा रिमोटच नाही, फोनवर व्हिडिओ लावायचा आणि कोपऱ्यातल्या खुणेवर बोट ठेवून टीव्हीवर पाठवायचा, ह्याला कास्ट करणं म्हणतात. पुष्कळ लोकांना वाटतं फोनचं चित्र टीव्हीवर जातं, तसं नसतं, फोन फक्त निरोप देतो की हे लाव, आणि व्हिडिओ ती काडी स्वतः नेटवरून ओढते, म्हणून मध्येच फोन आला तरी नाटक चालू राहतं. मिररिंग वेगळं, त्यात फोनचा सगळा पडदा जसाच्या तसा जातो आणि पैसे भरून बघायच्या ॲपमध्ये बऱ्याचदा काळं होऊन बसतं. आम्ही तरुण लोकांना कास्ट सोयीचं आहे. पण आईंना नाटक थांबवायला चष्मा शोधा, फोन शोधा, लॉक उघडा, ॲप उघडा. दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी त्या माझा फोन घेऊन पुन्हा उशीला टेकवून बसलेल्या दिसल्या. मला फार वाईट वाटलं. आणि क्रोमकास्ट हे प्रॉडक्ट गूगलने २०२४ मध्ये बंदच केलं, म्हणजे त्याच्यावर आता अवलंबून राहणंही बरोबर नव्हतं.

तिथून माझी शोधायची दिशाच बदलली. आईंच्या हातात काय असणार आहे ते आधी, बाकी सगळं नंतर.

नेटवाल्याचा बॉक्सही विचारला होता मधल्या काळात. ब्रॉडबँडबरोबर एक सेट टॉप बॉक्स मिळतो, त्यात चॅनलही आणि ॲपही. सोय चांगली आहे, ज्यांच्याकडे पहिलाच टीव्ही असेल त्यांनी जरूर बघावं. पण आमचा एक आधीच हॉलला लागलेला, दुसरा हवा तर वरचा प्लॅन घ्या म्हणाले. आणि तो बॉक्स त्यांच्याच कनेक्शनला बांधलेला, उद्या कंपनी बदलली की बॉक्स परत. सोडला विचार.

राहिले दोन, एक ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आणि दुसरी गूगल टीव्ही नावाच्या सिस्टिमवर चालणारी कुठलीतरी काडी, शाओमी वगैरेची. इथे मी खरंच खूप वेळ घालवला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. ॲप तर दोन्हीकडे सगळे. पूर्वी तसं नव्हतं, गूगल आणि ॲमेझॉनचं भांडण झालं आणि २०१८ च्या सुरुवातीपासून ते जुलै २०१९ पर्यंत फायर टीव्हीवर यूट्यूबचं अधिकृत ॲपच नव्हतं. घेणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी काय करायचं? आज ते आहे, पण हे लक्षात ठेवलं पाहिजे की काडीत कुठलं ॲप असणार हे आपल्या हातात नसतं. म्हणूनच २०२५ मध्ये आलेली ४के सिलेक्ट नावाची फायर स्टिक मी बाजूला ठेवली, तिच्यात ॲमेझॉनने अँड्रॉइड काढून वेगा नावाची स्वतःची सिस्टिम घातलीय, ॲप तिच्यासाठी नव्याने करावे लागतात आणि बाहेरून काही टाकता येत नाही. मोठे ॲप येतातच. छोट्या मराठी ॲपचं काय होईल ते अजून दिसायचंय, आणि पुढेमागे आईंना तेही लागू शकतात.

गूगल टीव्हीच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे कास्ट त्यात आतच असतं आणि प्ले स्टोअर ओळखीचं. मुलांचं मत तिकडेच होतं. मी मात्र दोन्हीचे रिमोट हातात घेऊन बघायला महारानी रोडला गेले, कारण चित्रात बघून रिमोट कळत नाही. एक रिमोट एवढा बारीक आणि गुळगुळीत की माझ्याच हातातून सटकत होता, आईंची बोटं सकाळी आखडलेली असतात. आणि आवाजाच्या बटणाचं मी दुकानदाराला तीनदा विचारलं. काही रिमोट आवाज कमी-जास्त करायचा निरोप काडीतून एचडीएमआयच्या वायरीवरून टीव्हीला देतात, त्याला सीईसी म्हणतात, जुना टीव्ही ते ऐकेलच असं नाही. फायर स्टिकच्या रिमोटमध्ये त्याशिवाय साधा इन्फ्रारेडही आहे, टीव्हीच्या जुन्या रिमोटसारखाच, त्यामुळे टीव्ही चालू-बंद करणं आणि आवाज हे सगळं त्या एकाच रिमोटने होतं, टीव्ही जुना असला तरी. इथे माझा निर्णय झाला. आईंच्या उशाशी दोन रिमोट मला नको होते, एक चष्मा, एक पाण्याची बाटली, एक औषधांचा डबा आधीच असतो तिथे.

आणखी एक, बोलून शोधायचं. फायर स्टिकमध्ये बोललेलं ऐकणारी अलेक्सा असते, तिला २०१९ पासून हिंदी कळतं. आई जन्माच्या इंदूरच्या, रामबागेत वाढलेल्या, घरात मराठी आणि भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत हिंदी, दोन्ही सारखीच तोंडात. त्यामुळे बटण दाबून "यूट्यूब खोलो" म्हणायला त्यांना शिकवावंच लागलं नाही. मराठी नावं मात्र ती कधी कधी भलतीच ऐकते, संगीत नाटकांची तर फारच, मग ती आम्ही हाताने शोधून एकदा लावून ठेवतो.

फायर टीव्ही स्टिकचं एचडी मॉडेल घेतलं, पाच हजारांच्या आत, बिल-वॉरंटीसकट. येताना सराफ्यातून गराडू (तळलेल्या कंदाचे मसालेदार तुकडे) घेतले, थंडी पडायला लागली होती आणि आईंना ते फार आवडतात.

लावतानाही जरा डोकं खर्च झालं, ते सांगते कारण ह्यातल्या दोन-तीन गोष्टींवरून लोक काडीला दोष देतात आणि परत करतात.

टीव्ही भिंतीवर, मागे दोन बोटं जागा. काडी सरळ घुसेना. बॉक्समध्ये एक छोटी एक्स्टेंडर वायर येते, ती लोक फेकून देतात, ती फेकू नका, तिने काडी बाजूला लोंबते आणि टीव्हीच्या पत्र्याआड वायफाय अडत नाही. मग पॉवर. टीव्हीला यूएसबीचं भोक आहे, मुलाने त्यातच वायर घातली, चालू झालं, दहा मिनिटांनी आपोआप बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. टीव्हीच्या त्या भोकाजवळ बारीक अक्षरात ०.५ ए लिहिलेलं, म्हणजे अर्धा अँपिअर, आणि काडीबरोबरचा अडॅप्टर एक अँपिअरचा. पुरणार कसं? अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला लावला आणि ती तक्रार संपली. वायर पुरत नव्हती, तिथे जेल रोडची केबल कामाला आली.

वायफायचं मी आधीच तपासलं होतं, ते बरं झालं. राउटर पुढच्या हॉलमध्ये, आईंची खोली अगदी मागे, मधे दोन भिंती आणि स्वयंपाकघर. माझा फोन टीव्हीच्या मागे जिथे काडी येणार तिथे धरून स्पीड बघितला. राउटर वायफायची दोन नावं दाखवतो, त्यातलं ५ गिगाहर्ट्झवालं जोडलं तर चार एमबीपीएस, कधी तीन. तेच २.४ वालं जोडलं तर अठरा. हॉलमध्ये बरोबर उलटं, तिथे ५ वालं पळतं. लांबचं आणि भिंतीपलीकडचं २.४ ला जास्त जमतं. नेटफ्लिक्सच्या हिशेबाने फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, ४के ला १५ लागतात, म्हणजे आमच्या टीव्हीला अठरा म्हणजे चैनच. नाहीतर नेटवाल्याकडून वायफाय लांब पोचवणाऱ्या एक्स्टेंडरचे दोन हजार गेले असते, त्याने सुचवलाच होता.

मग चित्र आलं पण चारी बाजूंनी कापलेलं, मालिकेत खाली नावं येतात ती अर्धीच दिसायची. जुने टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतात, ही टीव्हीची सवय, काडीची नाही. टीव्हीच्या मेनूत पिक्चर साइजमध्ये "जस्ट स्कॅन" असं होतं, ते केल्यावर पूर्ण दिसायला लागलं. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळं म्हणतात, स्क्रीन फिट, फुल पिक्सल, असं काही.

आणि सगळ्यात मोठा अडथळा, जो मला माहीतच नव्हता. पहिल्या दिवशी संध्याकाळी आईंनी हाक मारली, "अगं हे निळं निळं झालंय, काही दिसत नाही." टीव्ही चालू केल्यावर तो सेट टॉप बॉक्सवाल्या पोर्टवर गेला होता आणि सोर्सचं बटण होतं टीव्हीच्या जुन्या रिमोटवर. म्हणजे दोन रिमोट टाळायला एवढं केलं आणि पुन्हा तेच. दोन दिवस रोज कोणीतरी जाऊन सोर्स बदलून द्यायचं. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून मी वाचलं की तेच सीईसी जे आवाजासाठी म्हणाले, त्याने हेही होतं, फक्त प्रत्येक कंपनीने त्याला स्वतःचं नाव दिलंय, एलजीत सिम्पलिंक, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक. घरी येऊन मेनूत शोधलं, २०१२ पासून ते बंदच पडलेलं होतं, कोणी कधी उघडलंच नव्हतं. चालू केलं. आता आई काडीच्या रिमोटवरचं घराचं चित्र असलेलं बटण दाबतात, टीव्ही स्वतःच जागा होतो आणि स्वतःच बरोबर पोर्टवर येतो. तेरा वर्षांच्या टीव्हीने हे केलं. मी खरंच टाळी वाजवली.

सबस्क्रिप्शनचं थोडक्यात सांगते पण ते आधी बघा. माझ्या रिचार्जबरोबर आलेलं हॉटस्टार फक्त मोबाइलचं निघालं, टीव्हीवर लागेना. नेटफ्लिक्सचा १४९ चा प्लॅनही तसाच, फोन आणि टॅबलेटपुरता, टीव्हीसाठी १९९ पासून पुढे. आणि दोन टीव्ही झाले की एकाच वेळी किती ठिकाणी चालतं हेही विचारायचं, कारण आमच्याकडे मॅच आणि आईंची मालिका एकाच वेळी असते आणि त्यावरून घरात कटकट मला नको होती. दोन पडद्यांवर चालणारा प्लॅन घेतला. लॉगिन करताना रिमोटने एकेक अक्षर टाइप करत बसू नका, टीव्हीवर कोड येतो तो फोनवर टाकायचा.

शेवटी मुलीने बसून आईंसाठी पडदा लावून दिला. तीन ॲप सगळ्यात पुढे आणले, बाकीचे मागे ढकलले. होमवर आपोआप वाजायला लागणाऱ्या जाहिरातीसारख्या झलका सेटिंगमधून बंद केल्या, त्या सुरू झाल्या की आईंना वाटायचं आपल्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. खरेदीला पिन लावला. रिमोटवर मागे जायच्या बटणाला शिवणाच्या डब्यातला लाल दोरा चिकटवला, चुकलं की लाल दाबायचं, कितीही चुकलं तरी लाल दाबत गेलं की घरी पोचतो, एवढंच त्यांना सांगितलं. आईंनी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं, एक घर, दोन लाल, तीन गोल बटण म्हणजे हो.

परवा दुपारी शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांनाही आता जिना उतरून लांब कुठे जाणं होत नाही. दोघी पलंगावर उशा लावून बसल्या, दार लोटलेलं. मी स्वयंपाकघरात होते, आतून नाटकातले संवाद ऐकू येत होते आणि मधून मधून ह्या दोघींचे, कारण दोघींना ते नाटक पाठ. मग एकदम सगळं शांत झालं. मला वाटलं नेट गेलं की काय, हात पुसत निघालेच होते, तेवढ्यात आतून आईंची हाक आली, "अगं, मध्यंतर झालंय, मी थांबवून ठेवलंय. दोन कप चहा टाक."